ऑस्ट्रेलिया महिला क्रिकेट संघाचा भारत दौरा, २०२३-२४

ऑस्ट्रेलिया महिला क्रिकेट संघाने डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये भारताचा दौरा केला. या दौऱ्यात एक कसोटी, तीन एकदिवसीय आणि तीन आंतरराष्ट्रीय टी२० सामने खेळविण्यात आले. कसोटी आणि एकदिवसीय सामने मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर, तर टी२० सामने नवी मुंबईतील नेरुळ येथील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. एकमेव कसोटी भारताने ८ गडी राखून जिंकली. महिलांच्या कसोटी क्रिकेटमधील भारताचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा हा पहिलाच विजय होता. त्यानंतरची एकदिवसीय मालिका ऑस्ट्रेलियाने ३–० अशी, तर टी२० मालिका २–१ अशी जिंकली. भारतीय संघाचे नेतृत्व हरमनप्रीत कौर हिने आणि ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व ॲलिसा हिली हिने केले.

पार्श्वभूमी

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात महिलांची पहिली कसोटी जानेवारी १९७७ मध्ये पर्थ येथे झाली. तेव्हापासून या दौऱ्यापर्यंत उभय संघांत केवळ १० कसोटी सामने झाले होते. त्यांपैकी ४ ऑस्ट्रेलियाने जिंकले आणि ६ अनिर्णित राहिले. भारतात हे संघ यापूर्वी एकाच कसोटी मालिकेत, म्हणजे १९८४ च्या आरंभी, एकमेकांविरुद्ध खेळले होते. त्या मालिकेतील चारही सामने अनिर्णित राहिले आणि चौथा सामना वानखेडे स्टेडियमवरच झाला होता. त्यामुळे डिसेंबर २०२३ मधील कसोटीच्या निमित्ताने या मैदानावर ३९ वर्षांहून अधिक काळाने महिलांचा कसोटी सामना परतला. दोन्ही संघांतील याआधीची कसोटी २०२१ मध्ये क्वीन्सलँडमधील करारा येथे प्रकाशझोतात खेळली गेली होती. स्मृती मानधनाने तीत १२७ धावा केल्या, मात्र पावसामुळे बराच खेळ वाया गेल्याने तो सामना अनिर्णित सुटला.

भारतीय महिला संघासाठी कसोटी क्रिकेट ही सातत्याने मिळणारी संधी कधीच नव्हती. नोव्हेंबर २०१४ मधील म्हैसूरच्या सामन्यानंतर पुढची कसोटी खेळण्यासाठी संघाला जून २०२१ पर्यंत थांबावे लागले. देशांतर्गत पातळीवरही स्थिती फारशी वेगळी नव्हती. महिलांची आंतरविभागीय बहुदिवसीय स्पर्धा २०१८ नंतर बंद होती, त्यामुळे लाल चेंडूने दीर्घ डाव खेळण्याचा किंवा दिवसाला वीस-पंचवीस षटके टाकण्याचा सराव खेळाडूंना मिळत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन संघांविरुद्ध दहा दिवसांच्या आत दोन कसोटी सामन्यांचा आरंभ झाला. यांतील इंग्लंडविरुद्धची कसोटी डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने तीन दिवसांतच ३४७ धावांनी जिंकली. धावांच्या फरकाचा विचार करता महिला कसोटी इतिहासातील तो सर्वांत मोठा विजय ठरला. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्स, रेणुका सिंग ठाकूर आणि शुभा सतीश यांनी कसोटी पदार्पण केले होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी अमोल मुजुमदार यांची नियुक्ती झाली होती. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये धावांच्या राशी उभारूनही मुजुमदार यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. २००६-०७ चा रणजी करंडक मात्र मुंबईने त्यांच्याच नेतृत्वाखाली आणि याच वानखेडे स्टेडियमवर जिंकला होता.

ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने हा दौरा संक्रमणाचा होता. दीर्घकाळ संघाची धुरा सांभाळणाऱ्या मेग लॅनिंगने नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये हिलीची पूर्णवेळ कर्णधार म्हणून, तर ताहलिया मॅकग्राची उपकर्णधार म्हणून निवड झाली. मुंबईची मैदाने या संघाला अपरिचित नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई व नवी मुंबई येथे झालेली पाच टी२० सामन्यांची मालिका त्यांनी ४–१ अशी जिंकली होती, आणि मार्च २०२३ मधील महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात त्यांच्या अनेक खेळाडू याच परिसरात खेळल्या होत्या.

एकमेव कसोटी

२१–२४ डिसेंबर २०२३
ऑस्ट्रेलिया २१९ (७७.४ षटके) आणि २६१ (१०५.४ षटके)
भारत ४०६ (१२६.३ षटके) आणि ७५/२ (१८.४ षटके)
भारत ८ गडी राखून विजयी
स्थळ: वानखेडे स्टेडियम, मुंबई
नाणेफेक: ऑस्ट्रेलिया, फलंदाजी
सामनावीर: स्नेह राणा (भारत)

भारताकडून रिचा घोषने आणि ऑस्ट्रेलियाकडून वेगवान गोलंदाज लॉरेन चीटलने कसोटी पदार्पण केले. इंग्लंडविरुद्ध बोटाला दुखापत झाल्याने शुभा सतीश या सामन्यात खेळू शकली नाही. यष्टिरक्षण यास्तिका भाटियाकडेच राहिले आणि रिचाचा समावेश फलंदाज म्हणून झाला.

नाणेफेक जिंकून फलंदाजीला उतरलेल्या ऑस्ट्रेलियाची सुरुवात गोंधळाची झाली. पहिल्याच षटकात बेथ मूनीशी धाव घेण्याबाबत ताळमेळ न जुळल्याने फीबी लिचफिल्ड एकही चेंडू न खेळता धावचीत झाली. पाठोपाठ पूजा वस्त्रकारने एलिस पेरीचा त्रिफळा उडविला. धावसंख्या तेव्हा २ बाद ७ होती. मॅकग्राने ५६ चेंडूंत ५० धावा करून प्रतिहल्ला चढविला आणि मूनीबरोबर ८० धावांची भागीदारी केली, परंतु ती बाद झाल्यावर डावाला पुन्हा आकार आला नाही. मूनी ४० आणि हिली ३८ धावांवर परतल्या. अखेरीस किम गार्थच्या नाबाद २८ धावांमुळे संघ २१९ पर्यंत पोहोचला. वस्त्रकारने ५३ धावांत ४, राणाने ५६ धावांत ३ आणि दीप्ती शर्माने ४५ धावांत २ गडी बाद केले.

दिवसाच्या उरलेल्या १९ षटकांत भारताने १ बाद ९८ धावा केल्या. मानधना आणि शफाली वर्मा (४०) यांनी ९० धावांची सलामी दिली. सामन्याचा कल पहिल्याच संध्याकाळी यजमानांकडे झुकला, त्याला गोलंदाजीइतकीच ही वेगवान सलामीही कारणीभूत होती.

दुसऱ्या दिवशी ‘नाइटवॉचमन’ म्हणून आलेली राणा लवकर बाद झाली आणि ७४ धावांवर मानधना धावचीत झाली. यानंतर रिचा घोष (५२) आणि जेमिमा रॉड्रिग्स (७३) यांनी चौथ्या गड्यासाठी ११३ धावा जोडल्या. या जोडीनंतर सामन्याला अकस्मात कलाटणी मिळाली. ॲशली गार्डनरच्या ऑफस्पिन गोलंदाजीने मधली फळी कोसळली आणि ३ बाद २६० वरून भारताची अवस्था ७ बाद २७४ झाली. हरमनप्रीतला खातेही उघडता आले नाही. आघाडी तेव्हा केवळ ५५ धावांची होती, आणि चौथ्या डावात फलंदाजी भारतालाच करावयाची होती. गार्डनरने डावात १०० धावांत ४ गडी बाद केले.

या टप्प्यावर दीप्ती आणि वस्त्रकार यांनी केलेली आठव्या गड्याची १२२ धावांची भागीदारी सामन्यातील निर्णायक घटना मानावी लागेल. सामनावीराचा पुरस्कार सात बळी घेणाऱ्या राणाला मिळाला. परंतु ही भागीदारी झाली नसती, तर ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावातील २६१ धावांनी भारतासमोर दोनशेच्या आसपासचे लक्ष्य उभे राहिले असते. दोघींनी घाई न करता दुसरा दिवस खेळून काढला (७ बाद ३७६). तिसऱ्या सकाळी वस्त्रकार ४७ धावांवर आणि दीप्ती ७८ धावांवर बाद झाली. डाव ४०६ धावांवर संपला, तेव्हा भारताकडे १८७ धावांची आघाडी होती.

ऑस्ट्रेलियाने दुसऱ्या डावात अधिक चिवटपणा दाखविला. सलामीची जोडी स्थिरावत असतानाच मूनी (३३) चेंडू खेळून क्रीझबाहेर रेंगाळली आणि सिली पॉइंटला उभ्या असलेल्या रिचा घोषने प्रसंगावधान राखत तिला धावचीत केले. उलटा स्वीप मारण्याच्या प्रयत्नात लिचफिल्ड राणाकडून त्रिफळाचीत झाली. पेरी (४५) आणि मॅकग्रा यांनी ८४ धावांची, त्यानंतर मॅकग्रा आणि हिली यांनी ६६ धावांची भागीदारी केली. नियमित गोलंदाजांना यश मिळत नाही असे पाहून हरमनप्रीतने स्वतः चेंडू हाती घेतला. तिने प्रथम ७३ धावांवर खेळणाऱ्या मॅकग्राचा त्रिफळा उडविला आणि थोड्याच वेळात हिलीला (३२) पायचीत केले. तिसऱ्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया ५ बाद २३३ धावांवर, म्हणजे ४६ धावांनी पुढे होता.

चौथ्या सकाळी सामना अनपेक्षितपणे लवकर संपुष्टात आला. ॲनाबेल सदरलँड आणि गार्डनर या जोडीवर ऑस्ट्रेलियाची भिस्त होती, पण अखेरचे पाच गडी केवळ २८ धावांत बाद झाले. राणाने सदरलँड आणि अलाना किंग यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले आणि डावात ६३ धावांत ४ बळी मिळविले. राजेश्वरी गायकवाडने ४२ धावांत २ आणि हरमनप्रीतने २३ धावांत २ गडी टिपले. ७५ धावांचे लक्ष्य गाठताना भारताने शफालीला पहिल्याच षटकात गमावले, नंतर रिचाही बाद झाली. मानधनाने नाबाद ३८ धावा करून चौकारासह विजयावर शिक्कामोर्तब केले. जेमिमा दुसऱ्या टोकाला १२ धावांवर नाबाद राहिली. विजयाच्या क्षणी खेळपट्टीवर असलेल्या या दोघीही महाराष्ट्राच्या, एक सांगलीची आणि दुसरी मुंबईची.

सामन्यानंतर चषकासह उभ्या असलेल्या भारतीय संघाची छायाचित्रे टिपण्यासाठी पराभूत कर्णधार हिली स्वतः कॅमेरा घेऊन छायाचित्रकारांमध्ये उभी राहिली. ते दृश्य पुढे बरेच दिवस चर्चेत होते.

ऑस्ट्रेलियाचा महिला कसोटीतील हा २०१४ नंतरचा पहिला पराभव होता. भारताची ही एकूण ४० वी कसोटी आणि ७ वा विजय होता. पहिली कसोटी १९७६ मध्ये झाली हे ध्यानात घेतल्यास सुमारे ४७ वर्षांत भारतीय महिलांना वर्षाकाठी सरासरी एक कसोटीही वाट्याला आली नव्हती.

एकदिवसीय मालिका

कसोटीनंतर चारच दिवसांनी त्याच मैदानावर एकदिवसीय मालिका सुरू झाली आणि चित्र पालटले.

पहिला सामना, २८ डिसेंबर: भारत २८२/८ (५० षटके), ऑस्ट्रेलिया २८५/४ (४६.३ षटके). ऑस्ट्रेलिया ६ गडी राखून विजयी.
दुसरा सामना, ३० डिसेंबर: ऑस्ट्रेलिया २५८/८ (५० षटके); भारत २५५/८ (५० षटके). ऑस्ट्रेलिया ३ धावांनी विजयी.
तिसरा सामना, २ जानेवारी: ऑस्ट्रेलिया ३३८/७ (५० षटके), भारत १४८ (३२.४ षटके). ऑस्ट्रेलिया १९० धावांनी विजयी.

आजारपणामुळे मानधना पहिल्या सामन्यात खेळली नाही. जेमिमाच्या ८२ आणि वस्त्रकारच्या नाबाद ६२ धावांमुळे भारताने आव्हानात्मक धावसंख्या उभारली. पहिल्याच षटकात हिली शून्यावर बाद झाली तेव्हा ती पुरेशी वाटत होती. मात्र लिचफिल्ड (७८) आणि पेरी (७५) यांनी दुसऱ्या गड्यासाठी १४८ धावा जोडल्या आणि मॅकग्राने नाबाद ६८ धावा करून उरलेले काम तीन षटकांहून अधिक शिल्लक असतानाच पूर्ण केले. डावखुरी फिरकी गोलंदाज सैका इशाकने या सामन्यात एकदिवसीय पदार्पण केले.

दुसरा सामना मालिकेतील सर्वांत चुरशीचा होता. दीप्तीने ३८ धावांत ५ गडी बाद केले, परंतु भारतीय क्षेत्ररक्षकांनी अनेक झेल सोडले आणि त्याचा लाभ लिचफिल्डसह (६३) अनेकींनी उठविला. अखेरच्या षटकांत किंगने केलेल्या १७ चेंडूंतील नाबाद २८ धावा निकालाच्या दृष्टीने मोलाच्या ठरल्या. क्षेत्ररक्षण करताना राणा आणि वस्त्रकार यांची टक्कर झाली. डोक्याला मार लागल्याने राणाच्या जागी हरलीन देओल ही बदली खेळाडू म्हणून फलंदाजीला आली. तिसऱ्या क्रमांकावर बढती मिळालेल्या रिचा घोषने पायात गोळे येत असतानाही ११७ चेंडूंत ९६ धावा केल्या. ती बाद झाली तेव्हा विजय आवाक्यात होता, पण सदरलँडने (४७ धावांत ३ बळी) मोक्याच्या क्षणी गडी मिळवून भारताला ३ धावांनी रोखले. ऑफस्पिनर श्रेयांका पाटीलचा हा पहिला एकदिवसीय सामना होता.

तिसऱ्या सामन्यात स्पर्धा उरली नाही. लिचफिल्ड (११९) आणि हिली (८२) यांनी १८९ धावांची सलामी दिली. श्रेयांकाने ५७ धावांत ३ गडी बाद करून धावगतीला थोडा लगाम घातला, तरी ३३८ धावांपुढे भारताचा डाव ३३ व्या षटकातच आटोपला. जॉर्जिया वेअरहॅमने २३ धावांत ३ बळी घेतले. तीन डावांत २६० धावा करणारी २० वर्षीय लिचफिल्ड मालिकावीर ठरली. कसोटीत एकही चेंडू न खेळता बाद होऊन तिने या दौऱ्याचा आरंभ केला होता.

टी२० मालिका

पहिला सामना, ५ जानेवारी: ऑस्ट्रेलिया १४१ (१९.२ षटके), भारत १४५/१ (१७.४ षटके). भारत ९ गडी राखून विजयी.
दुसरा सामना, ७ जानेवारी: भारत १३०/८ (२० षटके), ऑस्ट्रेलिया १३३/४ (१९ षटके). ऑस्ट्रेलिया ६ गडी राखून विजयी.
तिसरा सामना, ९ जानेवारी: भारत १४७/६ (२० षटके), ऑस्ट्रेलिया १४९/३ (१८.४ षटके). ऑस्ट्रेलिया ७ गडी राखून विजयी.

पहिल्या सामन्यात १९ वर्षीय वेगवान गोलंदाज तितास साधूने १७ धावांत ४ गडी बाद करून आघाडीची फळी कापून काढली. मानधना (५४) आणि शफाली (नाबाद ६४) यांनी १३७ धावांची सलामी देत सामना एकतर्फी केला. मानधनाने याच डावात टी२० आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ३,००० धावांचा टप्पा ओलांडला.

दुसरा सामना पेरीचा ३०० वा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिने नाबाद ३४ धावा केल्या आणि षटकार मारून विजय साजरा केला. भारताकडून दीप्तीने सर्वाधिक ३० धावा केल्या. टी२० आंतरराष्ट्रीय सामन्यांत १,००० धावा आणि १०० बळी अशी दुहेरी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय ठरली. तिसऱ्या सामन्यात हिली (५५) आणि मूनी (नाबाद ५२) यांच्या ८५ धावांच्या सलामीने मालिकेचा निकाल लागला. तिन्ही सामने धावांचा पाठलाग करणाऱ्या संघानेच जिंकले.

मूल्यमापन

वानखेडेवरील कसोटी विजय आणि त्यानंतरच्या सहा सामन्यांतील पाच पराभव ही या दौऱ्याची परस्परविरोधी बाजू आहे. कसोटीत भारताने चार दिवस संयम राखला. मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये मात्र क्षेत्ररक्षण, तंदुरुस्ती आणि तळाच्या फलंदाजांचे योगदान या तीन बाबतींत पाहुण्या संघाची सरशी उघड दिसली. कसोटीत भारताला तारणारी वस्त्रकार–दीप्ती ही तळाची जोडी होती, तर दुसऱ्या एकदिवसीय सामन्यात तीन धावांचा फरक घडविणारी किंगही तळाचीच फलंदाज होती. महिलांच्या कसोटी सामन्यांसाठी कोणतीही अजिंक्यपद स्पर्धा नसल्याने या विजयाचे गुणतालिकेत रूपांतर झाले नाही. एकदिवसीय आणि टी२० मालिकांच्या बाबतीत तुलनेसाठी मानांकन आणि विश्वचषक हे दोन्ही निकष उपलब्ध असतात.

पुढील घडामोडी

मार्च २०२४ च्या अखेरीस भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिलांची आंतरविभागीय बहुदिवसीय स्पर्धा पुण्यात पुन्हा सुरू केली. पूर्व विभागाने ती जिंकली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चेन्नई येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत भारताने ६ बाद ६०३ धावांवर डाव घोषित केला. शफालीने त्यात २०५ धावा केल्या. तो सामना भारताने १० गडी राखून जिंकला आणि राणाने पहिल्या डावात ८ बळी घेतले.

एकदिवसीय मालिकेतील पराभवाची परतफेड होण्यास २०२५ च्या विश्वचषकापर्यंतचा काळ जावा लागला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेल्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने पुन्हा ३३८ धावाच केल्या आणि लिचफिल्डने त्यांत पुन्हा ११९ धावांचे योगदान दिले. या वेळी जेमिमाच्या नाबाद १२७ आणि हरमनप्रीतच्या ८९ धावांच्या बळावर भारताने ४८.३ षटकांत ५ बाद ३४१ धावा करून सामना जिंकला. २ नोव्हेंबर रोजी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी पराभूत करून भारतीय महिला संघाने पहिल्यांदा विश्वचषक मिळविला. त्या वेळीही मुख्य प्रशिक्षकपदी अमोल मुजुमदार होते.